तुझ्या एक्सेलमध्ये एक रकाना कमी आहे

पत्र

ताई, मी ३६ वर्षांची. सिंहगड रस्त्याला राहते, विमा कंपनीत नोकरी करते, एक मुलगी आहे. माझी कॉलेजची मैत्रीण डाव्या विचारांच्या महिला संघटनेचं काम करते. तिने सभासदत्वाचा फॉर्म पाठवलाय आणि दर आठवड्याला विचारते, "भरलास का?" सासूबाई लग्नाआधीपासून राष्ट्र सेविका समितीत जातात. त्यांचं म्हणणं, स्त्रीमुक्तीवाल्या घरं मोडतात. ऑफिसात शेजारी बसणारी सहकारी आंबेडकरी स्त्रियांच्या गटात आहे. ती म्हणते, "आठ मार्च तुमचा, आमचा २५ डिसेंबर." आणि भाची इन्स्टाग्रामवरच्या मुलींच्या एका गटात असते, तिच्या लेखी आम्ही सगळ्याच जुनाट. शेवटी मी एक्सेल शीट केली. तेरा प्रश्न, चौघींच्या बाजूची मतं आणि शेवटच्या रकान्यात माझं. हो किंवा नाही. मैत्रिणीशी आठ जुळली, सहकारीशी सात, भाचीशी सात, सासूबाईंशी पाच. म्हणजे धड कुणाशीच नाही. त्यात मी मंगळसूत्र घालते, घरी गौरी बसवते. मैत्रीण म्हणते, कुंपणावर बसणं सोड. मी नक्की कुठली? फॉर्म भरू का? शीट सोबत जोडली आहे.
– अ., सिंहगड रस्ता

उत्तर

प्रिय अ.,

तुला अगंतुगं करते, चालेल ना? वयाने मी तुझ्या सासूबाईंच्या आसपासची असणार.

तेरापैकी आठ म्हणजे साडेएकसष्ट टक्के. आमच्या वेळी एवढ्यावर फर्स्ट क्लास मिळायचा आणि पेढे वाटले जायचे. माझी आणि माझ्या नवऱ्याची मतं गेल्या चाळीस वर्षांत तेरातली सहाच्या वर कधी जुळली नाहीत, त्यातलीही दोन चहाविषयीची. तेव्हा आकड्याचं दुःख करू नकोस. मला खटकलं ते वेगळंच.

शीटमधली नववी ओळ काढ. 'डान्स बारवर बंदी हवी का?' सासूबाई: हो. सहकारी: हो. भाची: नाही. मैत्रिणीचा रकाना तू कोरा ठेवलास, बहुतेक विचारायचा राहिला असेल. तुझं स्वतःचं 'हो'. आणि एक्सेलने तुम्हा तिघींना एकाच हिरव्या रंगात रंगवून टाकलं.

आता जरा मागे जाऊ. राज्य सरकारने ही बंदी २००५मध्ये आणली. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना तिच्यातून सूट होती, म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्त नाच वाईट होता. उच्च न्यायालयाने २००६मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तो निकाल कायम केला. त्या काळात मुंबईतल्या काही स्त्रीवादी संघटना बारबालांच्या बाजूने उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं, या बाईचं पोट यावर आहे, तुम्ही तिला दुसरं काय देणार ते आधी सांगा. पण अनेक दलित कार्यकर्त्या बंदीच्या बाजूने होत्या. काही जातींतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या नाचायलाच जुंपलं गेलं, त्याला आता 'रोजगाराचा हक्क' हे गोंडस नाव कशाला, असा त्यांचा सवाल होता. तुझ्या सहकारीचं 'हो' तिथून आलेलं आहे. सासूबाईंचं 'हो' बहुधा 'तरुण पोरं बिघडतात' इथून येतं. एकीला त्या नाचणाऱ्या बाईच्या मुलीची काळजी आहे, दुसरीला बघणाऱ्याच्या आईची. उत्तर तेच, पण दोघी एका मोर्चात शेजारीशेजारी चालू लागल्या तर पहिल्याच चौकात भांडतील. आणि भांडलंच पाहिजे.

तुझ्या शीटमध्ये 'का'चा रकाना नाही. तोच मुख्य होता.

सातवी ओळही तशीच. 'तिहेरी तलाकचा कायदा हवा का?' यात तू दोन प्रश्न एका पोत्यात भरलेस. तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून सात मुस्लिम स्त्रियांनी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने एप्रिल १९६६मध्ये मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला होता, आणि १९७०मध्ये दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते आपल्या पुण्यात. २०१९च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आला. तलाकची ही पद्धत जावी असं मानणाऱ्या संघटनांमध्येही तुरुंगावरून दोन तट पडले: काहींना तो हवा होता, काहींचं म्हणणं पडलं की नवरा आत गेला तर पोटगी कोण देणार. यातल्या कुणाला तू 'हो'त टाकणार आणि कुणाला 'नाही'त? समान नागरी कायद्याचंही तेच. ती मागणी एके काळी स्त्री संघटनांचीच होती. १९८५च्या शहाबानो निकालानंतर (घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) ती हिंदुत्ववाद्यांच्या तोंडी गेलेली पाहून अनेकजणींनी पाऊल मागे घेतलं. मत बदललं नव्हतं, शेजार बदलला होता.

आता चौथी ओळ, मंदिरप्रवेश. तिथे तू सगळ्यांच्या पुढे 'हो' लिहिलंयस आणि स्वतःपुढे 'महत्त्वाचं वाटत नाही'. (हो-नाहीचा नियम तूच केलास आणि तूच मोडलास. मला ते आवडलं.) तुझ्या सिंहगड रस्त्यावरून पर्वती दिसते ना? १३ ऑक्टोबर १९२९ला त्या टेकडीवरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह सुरू झाला. पायऱ्यांवर दगड पडले. चढणाऱ्यांपैकी कितीजणांना देवाकडे काही मागायचं होतं कुणास ठाऊक. 'तू इथे यायचं नाहीस' हे वाक्य त्यांना पुसायचं होतं. २०१६मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव का, हा प्रश्न पेटला तेव्हा पुण्याहून दोन वाटा निघाल्या. भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या बायका २६ जानेवारीला बस भरून निघाल्या आणि वाटेत सुपे इथे अडवल्या गेल्या. दुसरीकडे लेखिका-कार्यकर्त्या विद्या बाळ आणि अ‍ॅडव्होकेट नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. एप्रिलच्या पहिल्या तारखेला न्यायालयाने सरकारला सांगितलं की मंदिरप्रवेशाचा १९५६चा कायदा तुमच्याकडे आहेच, तो राबवा. गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला.

तेव्हा आमच्या ओळखीच्या घराघरांत वाद झाले. मोर्चा म्हणजे प्रसिद्धीचा सोस, असं कोर्टवाल्या म्हणत. कोर्ट म्हणजे सदाशिवपेठी सभ्यपणा, असं मोर्चावाल्या म्हणत. आणि एक तिसरा सूर होता, तुझ्यासारखा: देवळात जायचंच कशाला? तिन्ही मतांच्या बायका स्वतःला स्त्रीवादीच म्हणवत होत्या. माझं मत विचारशील तर कोर्टाचा कागद नसता तर चौथरा उघडला नसता, आणि बस निघाली नसती तर त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मीही तावातावाने एकाच बाजूला होते.

म्हणून शीट करायचीच असेल तर उत्तरांची करू नकोस, सुरुवातीची कर. प्रत्येकीचं पहिलं वाक्य काय आहे ते बघ. तुझ्या मैत्रिणीची संघटना कामापासून सुरू करते: मजुरी, रेशन, पाणी, मग त्यातून बाईचं घरातलं स्थान. सहकारीचा गट जातीपासून सुरू करतो: बाई म्हणून आपण सारख्या हे खरं, पण विहिरीवर सारख्या नव्हतो. भाची शरीरापासून आणि संमतीपासून सुरू करते. सासूबाईंची समिती, १९३६मध्ये वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी काढलेली, राष्ट्र आणि कुटुंब इथून निघते. जिजाबाईंचं मातृत्व, अहिल्याबाईंचं कर्तृत्व, राणी लक्ष्मीबाईंचं नेतृत्व हे त्यांचे आदर्श. समितीने मुलींच्या हातात लाठी दिली हे मी नाकारत नाही. पण बाईचं सुख आणि कुटुंबाची अब्रू समोरासमोर आली की पहिलं पाऊल कुठे पडणार ते पहिल्या वाक्यातच ठरलेलं असतं. मला ते वाक्य मान्य नाही, म्हणून मी कधी तिकडे गेले नाही. तुझं तुला ठरवायचंय. सगळ्या संघटना शेवटी एकच, असं काही मी सांगणार नाही. तसं नाहीये.

तुझ्या सहकारीच्या २५ डिसेंबरचं सांगायचं राहिलं. त्यात टोमणा आहे, पण टोमण्याच्या आत इतिहास आहे. १९२७ हे साल घे. जानेवारीत फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई, विषय मुलींचं शिक्षण. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली आणि तिथेच बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांपुढे वेगळं भाषण केलं. लुगडं कसं नेसायचं इथपासून मुलींना शिकवा इथपर्यंत. एकाच वर्षाची ही दोन टोकं. पुढे वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांच्या भाषणांत पहिलं टोक असायचं, दुसरं नसायचं. ती 'तुमचा, आमचा' म्हणते ते त्यामुळे. यंदा तिला म्हण, मला घेऊन चल. आणि तिथे गेल्यावर बोलू नकोस, ऐक.

'मी नक्की कुठली' याचं उत्तर पुण्यात तरी सोपं कधीच नव्हतं. पंडिता रमाबाईंनी १८८२मध्ये इथे आर्य महिला समाज काढला. तिथे रमाबाई रानडेही जात. पंडिताबाई पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आल्यावर मुलींना बाटवतात असा गदारोळ झाला, 'केसरी'ने झोड उठवली, आणि १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, आणि तीन वर्षांनी विधवांसाठी आपली वेगळी संस्था काढली, जी पुढे हिंगण्याच्या माळावर गेली. रमाबाई रानड्यांची पुण्यातली सेवासदन १९०९ची. म्हणजे बघ, एका भांडणाच्या आजूबाजूला केवढं काय उगवलं! यातल्या कुणाचंही कुणाशी तेरापैकी तेरा जुळलं नसतं. कर्वेनगरवरून जातेस तेव्हा तू त्या हिंगण्यातूनच जातेस.

बरं, कुठल्या संघटनेत जायचं ते तिच्या जाहीरनाम्यावरून कळत नाही. मी बँकेत नोकरी करून बारा वर्षं दर गुरुवारी एका सल्ला केंद्रावर बसले. आम्ही तिघीजणी असायचो, तीन मतांच्या. एकदा रात्री साडेनवाला, केंद्र बंद करताना, एक बाई पायात चप्पल नसताना आली. तिने घरी परत जावं की जाऊ नये यावर आमच्यात पाच मिनिटं जुंपली. मी कायद्यावर बोलत होते. दुसरी समाजव्यवस्थेवर. तिसरी, जिच्या राजकारणाशी माझा उभा दावा होता, तिने तोवर लूना चालू करून त्या बाईला मागे बसवलं होतं. चौकीत 'एनसी', म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून बोळवण करतात, सासरच्या छळाच्या ४९८अ कलमाखाली गुन्हा नोंदवून घ्यायचा तर ठाण्यातच जावं लागतं आणि तिथे बसून राहावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. (तेच कलम आता न्याय संहितेत ८५ झालंय. बसून राहावं लागतं ते तसंच आहे.) रात्री एकला ती परत आली आणि म्हणाली, "तुमचं ठरलं का?"

तिच्या राजकारणाशी माझं आजही जुळत नाही. पण संघटना पारखताना मी ती लूना विसरत नाही.

म्हणून फॉर्म आत्ता भरू नकोस. मैत्रिणीला सांग, आधी चार बैठकांना येते. मोर्चाला नव्हे, भाषणाला नव्हे, साध्या आठवड्याच्या बैठकीला. सतरंजी कोण घालतं, माईक कुणाच्या हातात असतो, चहाचे कप कोण विसळतं, ते बघ. वस्तीतल्या बाईने मधेच वेगळा मुद्दा काढला तर तिचं बोलणं पुरं होऊ देतात की "विषयावर या" म्हणतात? आणि तिसऱ्या बैठकीत तुझ्या पाच न जुळणाऱ्या मतांपैकी एक मुद्दाम बोलून दाखव. फाशीचं घे. तुला बलात्काऱ्यांना फाशी हवी आहे; अनेक स्त्री संघटना फाशीच्या विरोधात आहेत, आणि दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही २०१३मध्ये बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती. त्या कशा उत्तर देतात ते ऐक. समजावून सांगितलं तर जागा चांगली आहे, तुझं मत न बदलताही. नजरानजर करून हसल्या तर घरी ये. मला एका गटात कुंकवावरून अशीच नजर सोसावी लागली होती, त्याचा राग मी सहा वर्षं धरला आणि त्या सहा वर्षांत करण्यासारखं पुष्कळ काम राहिलं. एवढा धरू नकोस.

मंगळसूत्र आणि गौरींचं दोन ओळींत. घाल, बसव. हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना बोलावतेस का, एवढं फक्त बघ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला. कुठल्या स्त्रीवादी संघटनेचा नाही, ग्रामसभेचा ठराव होता तो.

'आधी माझी मतं पक्की होऊ देत, मग जाईन' असंही तू शीटखाली बारीक अक्षरात लिहिलंयस. मघाशी विद्या बाळांचं नाव आलं. १९७४मध्ये त्या जनसंघाच्या, म्हणजे भाजपच्या पूर्वावताराच्या, तिकिटावर पुणे महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि पडल्या. १९८२मध्ये नारी समता मंचाच्या कामात त्या पुढे होत्या, १९८९मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केलं. ७४ साली त्यांनी तुझ्यासारखी शीट केली असती तर त्यांचे किती जुळले असते, काढून बघ.

आता जी गोष्ट मला पहिल्यांदा सांगायची होती आणि मी शेवटपर्यंत लांबवली. तुझे तेराही प्रश्न मी पुन्हा वाचले. आडनाव, मंगळसूत्र, मंदिर, ऑफिसातली लैंगिक छळाची समिती, मासिक पाळीची रजा, आरक्षण, फाशी. सगळे खरे, सगळे तुझ्या वाटेवरचे. आता तू ऑफिसला जातेस तेव्हा तुझ्या घरी धुणंभांडी आणि स्वयंपाक कोण करतं? पत्रात दुसऱ्याच वाक्याला 'नोकरी करते' आहे, पण त्या बाईंचा उल्लेख कुठेच नाही. १९८०मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. कर्वे रोडच्या बाजूच्या घरांत खरकटी भांडी साचली आणि आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या, समतेवर बोलणाऱ्या बायका पगारवाढीवर काय काय बोलल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझ्या तोंडूनही ऐकलंय. त्या संपातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. १९९३मध्ये कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. सकाळी तुझ्या सोसायटीत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची बाई येत असेल, ती त्याच धाग्यातली. त्या आपल्या संघटनेला स्त्रीवादी म्हणतात की नाही, याने त्यांचं काही अडत नाही. पण बाईचं काम, बाईची मजुरी आणि तिला नावाने हाक मारली जाणं, यावर त्यांनी जे केलं ते तुझ्या चारही रकान्यांत मावणार नाही.

तेव्हा चौदावी ओळ घाल: 'घरकाम करणाऱ्या बाईला महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार आणि दर वर्षी पगारवाढ.' चौघींना विचार. सासूबाईंना सगळ्यांत आधी, कारण घरातला तो हिशेब बहुधा त्यांच्याकडे आहे. कोण लगेच 'हो' म्हणतं आणि कोण 'आमच्या बाई घरच्यासारख्या आहेत' म्हणून विषय बदलतं ते लिहून ठेव. तुझा स्वतःचा रकाना भरताना सोबत आकडा लिही, रुपयांत.

'का'चा रकाना भरून झाला की शीट परत पाठव. सासूबाईंचं 'का' त्यांच्याच शब्दांत लिही, तुझ्या नाही. दुपारच्या चहाला विचार, सकाळी नको.

– तुझी ताई